तो माशा मारत नव्हता, बांधत होता!

सुट्टी लागून दोन आठवडे झालेत. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर, तुम्ही पलंगावर आडवे, हातात मोबाइल. आणि स्वयंपाकघरातून तो ठरलेला प्रश्न येतो, दिवसभर नुसत्या माशा मारत बसणार आहेस का?

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याच्याबद्दल हा प्रश्न त्याच्या गावातल्या कितीतरी जणांच्या मनात आला असणार. लग्न नाही, धड नोकरी नाही, तब्येत कायम तोळामासा आणि मुक्काम डोंगरातल्या एका नदीकाठी. दिवसभर काय करायचा, तर माशा. फक्त मारायचा नाही, बांधायचा. पिसं आणि रेशमी दोरा घेऊन, नखाएवढ्या गळावर.

त्याचं नाव थिओडोर गॉर्डन. जन्म १८५४, मृत्यू १९१५. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाच्या कानावर नाही, पण अमेरिकेत नदीत उतरून ट्राउट पकडणाऱ्यांच्या जगात ते देव्हाऱ्यातलं नाव आहे. कोरड्या माशीच्या मासेमारीचा अमेरिकेतला जनक म्हणून त्याला ओळखतात. आता ही कोरडी माशी काय भानगड आहे? थांबा, तिथूनच सुरुवात करू.

खोटा किडा, खरी भूक

ट्राउट हा थंड, स्वच्छ, खळाळत्या पाण्यातला मासा. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत तो नाही, त्याला लागतं तेवढं थंड पाणी इथे बारा महिने मिळत नाही. मनालीला किंवा काश्मीरला ट्रिपला गेला असाल तर हॉटेलच्या मेन्यूकार्डवर त्याचं नाव वाचलं असेल. तोही मूळचा तिथला नाही बरं का. इंग्रजांच्या काळात तो बाहेरून आणून तिथल्या नद्यांत सोडला.

कोकणातली मंडळी गरवायला बसतात तेव्हा गळाला कोळंबी नाहीतर गांडूळ लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष पूर्ण खोटं असतं. बारीक गळावर पिसं गुंडाळून हुबेहूब किडा तयार करायचा. या किड्याला वजन जवळपास नसतंच, मग तो लांब फेकणार कसा? म्हणून इथे दोरीच वजनदार असते. लवचीक काठीनं ती दोरी हवेत मागेपुढे चाबकासारखी खेळवायची, मग पुढे सोडायची. दोरीबरोबर किडा जातो आणि अलगद पाण्यावर उतरतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस हवेत काहीतरी लिहितोय.

त्यात दोन प्रकार. पाण्याखाली बुडून वाहत जाते ती ओली माशी. पाण्यावर तरंगत राहते ती कोरडी. कोरडी माशी नक्कल करते मेफ्लायसारख्या किड्यांची. मेफ्लायचं आयुष्य अजब असतं. बहुतेक जातींत साधारण वर्षभर तो पाण्यातल्या दगडांना चिकटून वाढतो, मग एके दिवशी वर येतो, पंख फुटतात, आणि पंखवाल्या रूपात जेमतेम एखाद-दोन दिवस जगतो. त्याला तेव्हा खाता येईल असं तोंडही उरत नाही. वीण झाली की संपलं. त्या थोड्या तासांत नदीवर किड्यांचे ढग उठतात आणि ट्राउटची पंगत बसते.

हे सगळं गॉर्डनला कुणी शिकवलं नाही. शिकवणारं त्याच्या आसपास कुणी नव्हतंच.

पुस्तकावर शिकलेला मुलगा

गॉर्डन पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गचा. वडील तो अगदी लहान असतानाच गेले, आईनं वाढवलं. बराच काळ गेला दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत. प्रकृती पहिल्यापासून नाजूक. पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्यांवर त्याला ट्राउटचा नाद लागला आणि माशी बांधायला तो शिकला थॅडियस नॉरिस नावाच्या लेखकाच्या पुस्तकावरून. पुस्तक उघडं ठेवायचं, वाचायचं, बांधायचं, उसवायचं, परत बांधायचं. आज तुम्ही व्हिडिओ पॉज करून करून गिटारचे कॉर्ड शिकता ना, तसंच.

मोठा झाल्यावर त्यानं शहरात पैशाच्या व्यवहारातलं काम करून पाहिलं. पण शरीर साथ देईना, आणि मनही तिथे नव्हतं. मन होतं न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला, कॅट्सकिल नावाच्या डोंगरांत. तिथे स्लाइड माउंटनच्या उतारावर एक नदी उगम पावते. तिचं नाव नेव्हरसिंक. मूळ शब्द तिथल्या आदिवासींच्या भाषेतला, गोऱ्यांच्या तोंडात बदलत बदलत असा झाला. इंग्रजीत मात्र तो ऐकू येतो ‘कधीच न बुडणारी’ असा. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

लंडनहून आलेलं पाकीट

त्या काळी कोरड्या माशीचा सगळा अभ्यास इंग्लंडमध्ये चालला होता आणि तिथला सर्वांत मोठा गुरू होता फ्रेडरिक हॅलफर्ड. १८८६ आणि १८८९ मध्ये त्याची दोन पुस्तकं आली. कुठला किडा कुठल्या महिन्यात उडतो, त्याची नक्कल कुठल्या पिसांनी करायची, सगळं शिस्तीत मांडलेलं. गॉर्डननं ही पुस्तकं मिळवली आणि अक्षरशः घोकली. मग एक धाडस केलं. हॅलफर्डला सरळ पत्र लिहिलं.

विचार करा, मेल नाही, डीएम नाही, ओळख नाही. समोरचा त्या विषयातला शेवटचा शब्द, आणि हा समुद्रापलीकडचा कुणीतरी हौशी पोरगा नव्हे, पस्तिशीतला आजारी माणूस. पण हॅलफर्डनं उत्तर दिलं. १८९० च्या फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं, आणि पत्राबरोबर स्वतः निवडलेल्या कोरड्या माशांचा एक संचच.

इथे सिनेमा असता तर पुढचा सीन ठरलेला होता. हिरो गुरूची माशी घेऊन नदीवर जातो, पहिल्याच फेकीत भलामोठा मासा. प्रत्यक्षात घोळ वेगळाच होता. त्या माशा सुंदर होत्या, पण त्या दुसऱ्या नदीसाठी होत्या.

हॅलफर्डच्या नद्या दक्षिण इंग्लंडमधल्या. खडूच्या मऊ खडकातून झिरपत येणारं पाणी, वर्षभर जवळपास एकाच गतीनं, आरशासारखं संथ वाहणारं. तिथे माशी बसवली की ती आरामात तरंगत जाते. नेव्हरसिंक मात्र डोंगरातली पोर. खडकांवर आपटत, फेस काढत, चार हातांत चार दिशांना वळणारं पाणी. त्यात इंग्लिश माशी टाकली की ती भिजून बुडून जायची. शिवाय अमेरिकेतले किडेही वेगळे. इंग्लंडच्या किड्याची कितीही हुबेहूब नक्कल करा, नेव्हरसिंकच्या ट्राउटनं तो किडा जन्मात पाहिलेला नसे.

हे वाचताना आपल्याला काही आठवतंय का? आपल्याही पुस्तकांतली बरीच उदाहरणं दुसऱ्या कुणाच्या नदीवरची असतात. आपण ती पाठ करतो, पेपरात उतरवतो, मार्कही पडतात. प्रत्यक्ष पाण्यात उतरल्यावर ती बुडतात.

गॉर्डनपुढे दोन सोपे रस्ते होते. गुरू म्हणतो तेच खरं म्हणून बुडणारी माशी टाकत राहायची, नाहीतर हे विलायती खूळ म्हणून सोडून द्यायचं. त्यानं तिसराच रस्ता धरला. पद्धत गुरूची ठेवली आणि नदी स्वतःची वाचायला घेतली.

मोरपिसाची माशी

पुढची कित्येक वर्षं तो पाण्यावरचे किडे बघत राहिला. आकार केवढा, पंख कसे उभे राहतात, पोटावर पट्टे कसे, रंग ओला असताना काय आणि वाळल्यावर काय. मग एकेक गोष्ट बदलत गेला. मऊ पिसांऐवजी कोंबड्याच्या मानेवरची ताठ, चकचकीत पिसं घेतली. ही पिसं गळाभोवती गुंडाळली की त्यांची टोकं चहूबाजूंना काट्यासारखी उभी राहतात, आणि या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठताणावर पाय टेकल्यासारखी उभी राहते. भरगच्च बांधणी त्यानं टाळली. जेवढं कमी सामान, तेवढं पाणी कमी धरतं, तेवढी माशी जास्त वेळ तरंगते.

त्याची सर्वांत प्रसिद्ध माशी ‘क्विल गॉर्डन’. पंख एका रानबदकाच्या कुशीकडच्या पिसांचे. मानेभोवती निळसर करड्या रंगाचं कोंबड्याचं पीस. तसलं पीस मिळवणं म्हणजे दिव्यच, कारण त्या रंगाचे कोंबडे दुर्मीळ. आणि पोट? ते मोरपिसाचं! मोरपिसाच्या डोळ्याजवळचा एक तंतू घ्यायचा, त्याच्यावरची लव खरवडून काढायची. खाली उरते एक चपटी काडी, एक कड गडद आणि एक फिकट. ती गळावर गुंडाळली की आपोआप पट्टे तयार होतात, अगदी किड्याच्या पोटासारखे. आपल्या दारातल्या पाखराचं पीस, आणि त्यानं कॅट्सकिलच्या डोंगरातला किडा जिवंत केला. वसंतात, पाणी अजून गार असताना तिथे उडणाऱ्या एका मेफ्लायशी ही माशी जुळते. शंभराहून जास्त वर्षं झाली, आजही ती बांधतात, आजही तिला मासा लागतो.

उन्हाळ्याची परीक्षा

वसंतात मासा पकडणं तसं सोपं. पाणी भरपूर, गार, किडे ढिगानं. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. नदी आटते, पाणी काचेसारखं नितळ होतं आणि तापतं. आता थोडं सायन्स. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. ट्राउटला तर गार पाण्याची सवय. वीस अंश सेल्सियसच्या आसपास पाणी गेलं की त्याची दमछाक सुरू होते. मग तो जागा बदलतो. जिथे एखादा गार झरा तळातून येतो, जिथे सावलीतला ओढा नदीला मिळतो, जिथे पाणी दगडांवर फुटून हवा खेळवतं, तिथे तो गोळा होतो. तळ्यात असेल तर खाली गारव्यात उतरतो आणि पहाटे किंवा दिवेलागणीला वर येतो. बाकी दिवसभर ढिम्म.

नितळ पाण्यात त्याला काठावरचा माणूस लांबून दिसतो. अशा वेळी माशी लहान हवी, तिला जोडलेला धागा बारीक आणि लांब हवा, पावलं मांजराची हवीत. धाग्याला प्रवाहाची जराशी ओढ बसली आणि माशी किड्यासारखी न वाहता घसरत गेली, की खेळ खलास. उन्हाळा सरता सरता मेफ्लाय कमी होतात, मग काठावरून पाण्यात पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे यांची नक्कल चालते. म्हणजे एकाच नदीची उत्तरं दर महिन्याला बदलतात.

गॉर्डनच्या काळात तर नदीच बदलली होती. कॅट्सकिलमध्ये एकोणिसाव्या शतकात कातडी कमावण्याचा धंदा जोरात होता. त्यासाठी लागायची हेमलॉक झाडाची साल. डोंगरच्या डोंगर बोडके झाले. सावली गेली, पाणी तापू लागलं, आणि तिथला मूळचा ब्रुक ट्राउट गार ओढ्यांत वर सरकत गेला. त्यातच १८८३ मध्ये जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत आली आणि हळूहळू तो मासा तिथल्या नद्यांत सोडला गेला. हा पाहुणा थोडं जास्त गरम पाणी सोसायचा, आकारानं वाढायचा, आणि महाबिलंदर होता. जुन्या भडक ओल्या माशांना तो भीक घालेना. कित्येकांनी त्याच्या नावानं बोटं मोडली.

गॉर्डनची बारीक, फिकी, तरंगणारी माशी नेमकी या पाहुण्यासाठी कामाची ठरली. हा योगायोग होता असं म्हणू नका. नदी बदलली म्हणून बाकीचे कुरकुरत होते, तेव्हा हा ती बदललेली नदी वाचत होता.

कुणाचाच भक्त नाही

अजून एक गोष्ट, आजच्या काळात फार लागू पडणारी. इंग्लंडमध्ये तेव्हा मोठं भांडण पेटलं होतं. हॅलफर्डचा पंथ म्हणे कोरडी माशी हीच खरी, बाकी सगळं कमअस्सल. जॉर्ज स्क्यूज नावाच्या लंडनच्या वकिलानं उलट दाखवून दिलं की मासा बराच वेळ पाण्याखालीच खातो, तर तिथेही माशी टाकावी. दोन्ही गट हमरीतुमरीवर.

गॉर्डन हॅलफर्डचं ऋण मानत होता, आणि स्क्यूजशीही त्याचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. मासा वर खात असेल तर तो कोरडी माशी टाके, खाली खात असेल तर ओली. आपल्याला गुरू हवा असतो, आणि गुरू मिळाला की आपण लगेच त्याच्या टीममध्ये जातो, दुसऱ्या टीमला ट्रोल करतो. यानं दोघांकडून शिकून घेतलं आणि निर्णय नदीवर सोडला.

स्टोव्हजवळचा एकटा माणूस

आता जरा न चमकणारी बाजू. शेवटची सुमारे दहा वर्षं गॉर्डन नेव्हरसिंकच्या खोऱ्यातच राहिला, दुसऱ्यांच्या घरात भाड्यानं. पोट भरायचा माशा बांधून. गिऱ्हाईक पत्रानं ऑर्डर देई, हा बांधून पाठवे. एकेका माशीला वेळ लागतो आणि मिळतात चार पैसे, त्यामुळे श्रीमंत व्हायचा प्रश्नच नव्हता. तिथला हिवाळा बर्फाचा, आणि याच्या छातीत क्षय. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती.

त्याचा एक फोटो आहे. नदीत हा गळ टाकतोय आणि बाजूला लांब स्कर्ट घातलेली एक तरुणी, हातात गळाची काठी. ती कोण, कुठली, पुढे काय झालं, अजून कुणाला पत्ता लागलेला नाही. फोटो मात्र आजही मासेमारीच्या पुस्तकांत छापला जातो.

माणसांपासून तो लांब राहिला, पण गप्प राहिला नाही. १८९० पासून लंडनच्या ‘फिशिंग गॅझेट’मध्ये आणि १९०३ पासून अमेरिकेतल्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’मध्ये त्याची टिपणं येत राहिली. आज पाणी किती, किडा कोणता, कुठली माशी चालली, कुठली फसली. फसलेलीही लिहायचा, हे महत्त्वाचं. हातातलं कसब मात्र त्यानं फार थोड्यांना दाखवलं. त्यातला एक रॉय स्टीनरॉड, जवळच्या लिबर्टी गावच्या पोस्टात कामाला होता. गॉर्डन गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, स्टीनरॉडनं ‘हेंड्रिक्सन’ नावाची माशी बांधली. तीही अजरामर झाली. त्या खोऱ्यातून पुढे माशी बांधणाऱ्यांची आख्खी परंपरा उभी राहिली. तिला आज कॅट्सकिल शैली म्हणतात.

१ मे १९१५ रोजी गॉर्डन गेला. वय साठ. नदीवर किडे उडायला लागण्याचे दिवस होते ते. त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. जॉन मॅक्डोनाल्ड यांनी त्याची विखुरलेली टिपणं आणि पत्रं गोळा करून ग्रंथ काढला तो १९४७ मध्ये. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी.

आणि ती नदी?

न्यूयॉर्क शहराला पाणी कमी पडू लागलं, तेव्हा शहराची नजर कॅट्सकिलकडे गेली. नेव्हरसिंकवर धरण बांधायला घेतलं, मध्ये दुसऱ्या महायुद्धानं काम थांबलं, १९५३ मध्ये ते पूर्ण झालं. गॉर्डन राहिला, हिंडला ते खोरं पाण्याखाली गेलं. कधीच न बुडणारी असं नाव ऐकू येणाऱ्या नदीचं तेच नावाचं जुनं गाव बुडालं. धरणात गाव जाणं म्हणजे काय, हे मुळशी-कोयनेच्या माणसांना वेगळं सांगायला नको. आज न्यूयॉर्कमध्ये कुणी नळ सोडतं, तेव्हा त्या ग्लासात थोडी गॉर्डनची नदीही असते.

गंमत म्हणजे धरणाच्या खालच्या अंगाला, तळातून सोडलेल्या गार पाण्यात, ऐन उन्हाळ्यातही ट्राउट टिकून आहेत. तिथे जाणारे शहाणे लोक आता खिशात थर्मामीटर ठेवतात. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की गळ गुंडाळून घरी जातात, कारण तेव्हा पकडून परत सोडलेला मासाही दमून मरू शकतो. पृथ्वी तापतेय तसे असे घरी परतायचे दिवस वाढणार आहेत. नदी परत बदलतेय. ती वाचायला परत कुणीतरी लागणार आहे.

तेव्हा या सुट्टीत तुम्हाला कुणी म्हणालंच की माशा मारत बसू नकोस, तर चिडू नका. गावाकडच्या ओढ्यावर जा, तलावावर जा, नाहीतर गच्चीतल्या कुंडीपाशी बसा. एक वही घ्या. सकाळी काय उडतं, दुपारी काय लपतं, संध्याकाळी काय परत येतं, पंधरा दिवस नुसतं लिहून काढा. जे चुकलं तेही लिहा. पंधराव्या दिवशी तुमच्याकडे एक गोष्ट असेल, जी कुठल्याही पुस्तकात छापलेली नसेल. गॉर्डनचं सगळं भांडवल तेवढंच होतं.